नेपाळला व्हिसा लागत नाही. मग काय लागते?

सीवूड्स : ‘नेपाळला जायला कसला आलाय व्हिसा? खिशात आधार टाका आणि निघा.’ हे वाक्य आपल्या बाजारात आम्ही अनेकदा ऐकले आहे आणि खरे सांगायचे तर एके काळी आम्ही स्वतःही ते दुसऱ्यांना सांगितले आहे. त्यातले पहिले वाक्य खरे आहे. दुसरे मात्र चुकीचे आहे, आणि त्या चुकीपायी आमच्या ओळखीच्या एका कारागीर बंधूचा ईदचा सबंध हंगाम हातचा गेला. त्या प्रसंगाला आम्ही हजर होतो. म्हणून या वेळी बाजारभाव बाजूला ठेवून व्यापारी व कारागीर बंधूंसाठी हा धडा लिहीत आहोत.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. व्हिसाची माफी माणसाला आहे. ती त्याच्या ओळखपत्राला नाही, खिशातल्या नोटांना नाही आणि बॅगेतल्या मालालाही नाही. ही तीन खाती वेगवेगळी आहेत, असे ध्यानात ठेवले तर पुढचे सर्व सोपे आहे.

घडले ते असे

सीवूड्समध्ये आमचे शिलाईच्या सामानाचे छोटे दुकान आहे. दोरा, अस्तर, लेस, बटणे असा माल आम्ही ठेवतो. आमच्याकडून नेहमी सामान नेणारे एक शिंपीभाई दारावे गावात गाळा घेऊन पठाणी आणि भरतकामाचे कुर्ते शिवतात. चार मशिन, सहा कारागीर. हिशेब, मोबाईल व पत्रव्यवहार बघायला त्यांचा बावीस वर्षांचा भाचा. काठमांडूचे एक कापड व्यापारी रमजानात मुंबईला आले होते. त्यांनी मोहम्मद अली रोडवर या शिंपीभाईंचे कुर्ते पाहिले आणि ‘नमुने घेऊन या, पुढच्या ईदचा माल तुमच्याकडून घेऊ’ असा निरोप दिला. डिसेंबर २०२४ मध्ये जायचे ठरले. काठमांडूच्या इंद्रचौकात काचेच्या मण्यांचा मोठा बाजार आहे, तो बघावा म्हणून आम्हीही सोबत निघालो.

तिकिटे भाच्याने काढली. आम्ही त्याला विचारले, ‘कागदपत्रांचे काय?’ तर तो हसून म्हणाला, ‘मामूंना सांगितलंय मी. व्हिसा लागत नाही, आधार आहे ना सगळ्यांकडे!’ आमच्याजवळ पासपोर्ट होता, म्हणून आम्ही पुढे काही बोललो नाही. ती आमची चूक.

विमानतळावर काउंटरवरच्या बाईंनी आमचा पासपोर्ट पाहिला, मामूंचे निवडणूक ओळखपत्र पाहिले आणि भाच्याचे आधार कार्ड परत केले. ‘हे चालणार नाही. पासपोर्ट किंवा व्होटर कार्ड द्या.’ भाच्याकडे दोन्ही नव्हते. मतदार यादीत नाव घालायचे त्याने दोन वर्षे उद्यावर ढकलले होते. त्याने विनवण्या केल्या, मोबाईलमध्ये पॅन दाखवले, लायसन्स दाखवले. काही उपयोग झाला नाही. तिकिटाचे पैसेही बुडाले. मामू त्याला रागावले नाहीत. फक्त एवढेच म्हणाले, ‘बेटा, दराची वही तुझ्याकडं आहे, ती तरी दे.’ वही घेऊन आम्ही दोघेच पुढे गेलो.

मामूंचे कामही सहजी झाले नाही. निवडणूक कार्डावर ‘मोहम्मद’ पूर्ण लिहिलेले आणि तिकिटावर त्याचे आखूड रूप. दहा मिनिटे वरिष्ठांना विचारणे चालले. शेवटी सोडले, पण तेवढ्या वेळात मामूंच्या कपाळावर घाम आला होता.

पहिले खाते : ओळखपत्र

भारत आणि नेपाळ यांच्यात ३१ जुलै १९५० रोजी शांतता व मैत्रीचा करार झाला. त्याच्या सातव्या कलमाने एका देशाच्या नागरिकाला दुसऱ्या देशात राहणे, मालमत्ता, व्यापार आणि ये-जा यांबाबत परस्पर सवलती दिल्या. सुमारे साडेसतराशे किलोमीटरची सीमा खुली आहे, आणि भारतीय माणसाला व्हिसासारखी दिवसांची मुदतही नाही. जुनी माणसे सांगतात की पूर्वी कोणी काही विचारत नसे, तेही खरेच आहे.

पण २४ डिसेंबर १९९९ रोजी काठमांडूहून दिल्लीला निघालेले इंडियन एअरलाइन्सचे विमान पळवून कंदाहारला नेण्यात आले. त्यानंतर, सन २००० पासून, दोन देशांमधल्या विमानप्रवासासाठी ओळखपत्राची सक्ती आली. आजचा नियम असा आहे :

१) पंधरा ते पासष्ट वर्षे वयाच्या भारतीय नागरिकाकडे चालू मुदतीचा पासपोर्ट किंवा निवडणूक आयोगाचे छायाचित्र असलेले ओळखपत्र, या दोहोंपैकी एक असलेच पाहिजे.

२) पंधरा वर्षांखालील मुले आणि पासष्ट वर्षांवरील वडीलधारी मंडळी यांना वय व ओळख पटवणारे फोटोचे दुसरे कागद चालतात. पॅन कार्ड, वाहन परवाना, फोटो असलेले रेशन कार्ड हे त्यात येतात. २०१९ पासून याच दोन गटांसाठी आधार कार्डही मान्य झाले. ‘आधार चालते’ ही बातमी पसरली ती इथूनच. बातमीचा पहिला अर्धा भाग सर्वांनी वाचला, वयाची अट कोणी वाचली नाही.

३) पंधरा ते अठरा वर्षांच्या मुलामुलींसाठी शाळेच्या मुख्याध्यापकांनी ठरलेल्या नमुन्यात दिलेला ओळखीचा दाखला चालतो.

४) सबंध कुटुंब एकत्र जात असेल तर थोडी सूट आहे. एका प्रौढ व्यक्तीकडे पासपोर्ट किंवा निवडणूक कार्ड असल्यास बाकीच्यांना फोटोचा अन्य पुरावा आणि नाते दाखवणारा कागद चालू शकतो. पण मामा-भाचे, भागीदार, मालक आणि कारागीर हे या अर्थाने कुटुंब नव्हे. शिवाय काउंटरवर वाद घालण्यापेक्षा प्रत्येकाचा स्वतंत्र कागद असणे केव्हाही बरे.

आता नावाविषयी. आपल्या समाजात ही अडचण घरोघरी आहे. एका कागदावर ‘मोहम्मद’, दुसऱ्यावर ‘मोहम्मद’चे दोन अक्षरी रूप, एकावर ‘शेख’ आधी, दुसऱ्यावर शेवटी, बायकांच्या एका कागदावर वडिलांचे नाव, दुसऱ्यावर पतीचे. तिकीट काढताना नाव तोंडी सांगू नका. ज्या कागदावर प्रवास करणार तो समोर ठेवा आणि त्यावर जसे आहे तसे अक्षरन् अक्षर उतरवा. कागदातच चूक असेल तर आधी ती दुरुस्त करा. मतदार यादीत नवे नाव घालण्यासाठी नमुना ६ आणि दुरुस्तीसाठी नमुना ८ भरावा लागतो. दोन्हीला फी नाही. प्रौढाचा छत्तीस पानी साधा पासपोर्ट पंधराशे रुपयांत होतो आणि दहा वर्षे चालतो. ज्याला व्यापार करायचा आहे त्याने हे पंधराशे रुपये मशिनच्या तेलपाण्याइतकेच आवश्यक मानावेत.

आणखी एक. मूळ कार्ड जवळ बाळगा. मोबाईलमधला फोटो किंवा झेरॉक्स हा मूळ कागद हरवल्यास उपयोगी पडतो, मूळ कागदाच्या जागी नाही.

रस्त्याने जाणाऱ्यांसाठी

विमान परवडत नाही म्हणून आपले बरेच बंधू रेल्वेने जातात. सीवूड्सहून हार्बर लाइनने टिळकनगरला उतरले की लोकमान्य टिळक टर्मिनस जवळच आहे. तिथून कुशीनगर एक्सप्रेसने गोरखपूर आणि पुढे बसने सोनौली. पलीकडे भैरहवा. बिहारकडून जाणाऱ्यांना रक्सौल आणि पलीकडे वीरगंज, बहराइचकडून रुपैडिहा आणि पलीकडे नेपालगंज. सोनौलीला माणसे बाजाराला निघाल्यासारखी पायी सीमा ओलांडतात. ते पाहून वाटते, इथे कागद कशाला? पण सशस्त्र सीमा बलाचे जवान उभे असतात, ते कधीही ओळख विचारतात, आणि परत येताना तर हमखास विचारतात. आपण भारतीय आहोत हे दाखवण्याची जबाबदारी आपली आहे. दाढीटोपीवाल्या माणसाला दोन प्रश्न जास्त विचारले गेले तरी आवाज चढवू नये. कुठून आलो, कोणाकडे चाललो, बॅगेत काय आहे, याचे सरळ उत्तर आणि हातात मूळ कागद, यापेक्षा मोठी शिफारस नाही.

आता नवी मुंबईचा विमानतळही २५ डिसेंबर २०२५ पासून सुरू झाला आहे. विमानतळ घराजवळ आला म्हणून नियम मात्र सैल झालेले नाहीत.

दुसरे खाते : पैसा

काठमांडूला उतरल्यावर मामूंनी आतल्या खिशातून पाकीट काढले. त्यात सगळ्या पाचशेच्या नोटा. पैसे बदलून देणाऱ्या खिडकीवरच्या मुलाने हात जोडून परत केल्या. डिसेंबर २०१८ मध्ये नेपाळ सरकारने शंभरपेक्षा मोठ्या भारतीय नोटांवर बंदी घातली होती, ती त्या वेळी चालू होती. या बंदीमागे एक दुखणेही होते. नोव्हेंबर २०१६ मध्ये आपल्याकडे जुन्या पाचशे-हजारच्या नोटा रद्द झाल्या, तेव्हा नेपाळी लोकांच्या घरातही त्या होत्या आणि त्यांना त्या बदलून मिळाल्या नाहीत. ज्याचे हात एकदा पोळले तो ताकही फुंकून पितो.

२०२५ च्या अखेरीस मोठ्या नोटांचा नियम सैल करण्याची पावले दोन्ही बाजूंनी पडली, तीही माणशी पंचवीस हजारांच्या मर्यादेत. तरीही दुकानदार, टॅक्सीवाला, हॉटेलवाला यांच्या हातात पाचशेची नोट ठेवून वाद ओढवून घेण्यापेक्षा शंभरच्या नोटा न्याव्यात. त्या पूर्वीही चालत होत्या, आजही चालतात. १९९३ पासून दर ठरलेला आहे : भारतीय शंभर रुपये म्हणजे नेपाळी एकशे साठ. हा भाव रोज वरखाली होत नाही, त्यामुळे ‘आज भाव पडलाय’ असे कोणी सांगितले तर समजून जावे. दुकानात भाव विचारताना ‘आयसी की एनसी?’ हे विचारायला विसरू नये. आयसी म्हणजे भारतीय रुपया, एनसी म्हणजे नेपाळी. हा एक प्रश्न न विचारल्याने माणूस दीडपटीहून जास्त पैसे देऊन बसतो.

मार्च २०२४ पासून आपले यूपीआय नेपाळच्या दुकानांतील ‘फोनपे’ कोडवर चालू लागले आहे. हे ‘फोनपे’ नेपाळचे आहे, आपल्याकडील त्याच उच्चाराच्या ॲपचे नव्हे. मात्र ॲपमध्ये परदेशातील यूपीआय आधी चालू करावे लागते. त्या संध्याकाळी सीवूड्सहून भाच्याने फोनवर मामूंना एकेक बटण सांगितले. ‘आता खाली या मामू, अजून खाली, हां, तिथं दाबा.’ अर्ध्या तासाने मामूंनी चहाचे पैसे कोडवर दिले आणि विमानतळावर राहिलेला मुलगा त्या रात्री आमच्या उपयोगी पडला. घरून निघण्यापूर्वीच हे करून ठेवावे, कारण तिकडे गेल्यावर आपले भारतीय सिम चालेल याची खात्री नसते.

तिसरे खाते : माल

खरा फटका इथे बसला. मामूंनी चाळीस कुर्ते नेले होते. प्रत्येक प्लॅस्टिकच्या पिशवीत, प्रत्येकावर किमतीची चिठ्ठी. मामूंच्या मनात हे नमुने. काठमांडूच्या कस्टम अधिकाऱ्याच्या दृष्टीने हा विकायचा माल. नेपाळात कस्टमला ‘भन्सार’ म्हणतात. अधिकारी उद्धट नव्हता. त्याने शांतपणे विचारले, ‘एकाच मापाचे आठ-आठ कशाला? नमुना एक पुरतो. बिल कुठे आहे?’

बिल नव्हते. आपण घरी शिवतो, त्याचे बिल आपण आपल्यालाच कसे द्यायचे, हा मामूंचा प्रश्न. पण जिथे बिल नसते तिथे किंमत समोरचा ठरवतो. त्याने ठरवली, त्यावर शुल्क लावले. नेपाळात आयात मालावर सीमाशुल्काखेरीज तेरा टक्के मूल्यवर्धित करही बसतो. हे पैसे आमच्याजवळच्या शंभरच्या नोटा बदलून भरले. मण्यांच्या खरेदीसाठी आणलेली आमची रक्कम तिथेच अर्धी झाली.

तेव्हा बंधूंनो, नमुना म्हणजे नमुना. एका प्रकारचा एक नग, सोबत आपल्या दुकानाच्या नावाचे मालाच्या यादीचे बिल, त्यावर खरी किंमत आणि ‘विक्रीसाठी नाही’ असा शेरा. अधिकाऱ्याने विचारण्याआधी आपण सांगावे. भारतातून खऱ्या व्यापारी नमुन्यांना बाहेर जाण्यास अडकाठी नाही. पलीकडचे शुल्क मात्र पलीकडचे सरकार ठरवते, आणि ते भरावे लागले तर पावती घ्यावी.

विक्रीचा माल पाठवायचा असेल तर वाट वेगळी आहे. तिची मुख्य पावले अशी :

१) परकीय व्यापार महासंचालनालयाकडून आयात-निर्यात क्रमांक, म्हणजे आयईसी, घ्यावा. तो पॅनवरच मिळतो, फी पाचशे रुपये आहे आणि दरवर्षी एप्रिल ते जून यांदरम्यान त्यातील माहिती ताजी करावी लागते. नेपाळसाठी एका खेपेची किंमत पंचवीस हजार रुपयांपेक्षा जास्त नसेल तर या क्रमांकाची सूट आहे. पण धंदा वाढवायचा म्हणणाऱ्याने सुटीवर विसंबू नये.

२) जीएसटी कायद्यात निर्यातीवर कर शून्य धरतात. नोंदणी असलेल्या व्यापाऱ्याने ‘आरएफडी-११’ या नमुन्यात हमीपत्र दिले की कर न भरता माल पाठवता येतो.

३) माल सीमेवरच्या कस्टम चौकीतून कागदोपत्री जातो. रक्सौल, जोगबनी आणि रुपैडिहा येथे आता एकात्मिक तपासणी नाके आहेत. प्रथमच पाठवणाऱ्याने परवानाधारक कस्टम एजंट गाठावा.

४) नेपाळी खरेदीदाराकडे त्यांच्या सरकारचा पॅन व आयातीचा क्रमांक आहे की नाही, हे आधी विचारावे. त्याच्याकडे नसेल तर आपले सर्व कागद बरोबर असूनही माल नाक्यावर पडून राहील.

५) पैसे बँकेतून घ्यावेत. नेपाळशी व्यवहार भारतीय रुपयांत करता येतो, डॉलरची खटपट नाही. रोख घेऊन बॅगेतून आणलेला पैसा हिशेबात दाखवता येत नाही.

येताना काय आणावे याचेही भान ठेवावे. रस्त्याने परतणाऱ्याला स्वतःच्या वापरातील सामानापलीकडे शुल्कमाफीची अपेक्षा ठेवता येत नाही. आणि ‘भाई, एवढी पिशवी गोरखपूरला आमच्या माणसाला द्या’ असे कोणी सांगितले तर हात जोडावेत. नेपाळमार्गे सोन्याची चोरटी ने-आण होते हे सर्वांना ठाऊक आहे. बॅग आपल्या हातात म्हणजे गुन्हा आपल्या नावावर. अमानत सांभाळणे हा आपला धर्म आहे खरा, पण जिच्या आत काय आहे हे ठाऊक नाही ती अमानत नव्हे.

काठमांडूचा बाजार

या धावपळीतही एक गोष्ट मनाला बरी वाटली. काठमांडूत आपण परके नाही. घंटाघराजवळ जामे मशीद आहे, शेजारीच काश्मिरी तकिया. मल्ल राजांच्या काळी काश्मिरी व्यापारी इथे आले आणि ल्हासापर्यंतच्या व्यापारात उतरले, असा इतिहास सांगतात. डोंगरी भागात ‘चुरौटे’ मुसलमान राहतात. चुरा म्हणजे बांगड्या, त्या विकणारे ते चुरौटे. इंद्रचौकातल्या ‘पोते’ बाजारात, म्हणजे काचेच्या मण्यांच्या माळांच्या बाजारात, कित्येक मुस्लिम दुकानदार पिढ्यान्‌पिढ्या बसलेले आहेत. नेपाळी सुवासिनीच्या गळ्यातली माळ मुसलमान कारागिराच्या हातून ओवली जाते. २०२१ च्या जनगणनेनुसार नेपाळच्या लोकसंख्येत मुस्लिम सुमारे पाच टक्के आहेत. म्हणजे बाजार आहे, ओळख आहे, भाषाही समजते. उणीव होती ती आमच्या कागदांची.

कापड व्यापाऱ्यांनी कुर्ते हातात घेऊन शिलाई उलटी करून पाहिली. काम त्यांना पसंत पडले. मग त्यांनी विचारले, ‘तीनशे नग ईदच्या महिनाभर आधी हवेत. कोणत्या नाक्यावरून पाठवाल? आयईसी आहे ना?’ मामू आमच्याकडे बघू लागले आणि आम्ही जमिनीकडे. व्यापारी भले होते. ते म्हणाले, ‘भाईसाहेब, तुमच्या हातात हुनर आहे. पण माल नाक्यावर अडकला तर माझी ईद जाईल.’ ती ऑर्डर दुसरीकडे गेली. मार्च २०२५ च्या अखेरीस ईद झाली तेव्हा मामूंच्या गाळ्यात दोन मशिन बंद होती.

नेपाळमार्गे आखाताचा विचार करणाऱ्यांना

आणखी एक इशारा देणे आमचे कर्तव्य आहे. नेपाळला व्हिसा लागत नाही म्हणून तिथून पुढे तिसऱ्या देशात जाता येते, असे काही एजंट सांगतात. भारतीयाला नेपाळमधून तिसऱ्या देशात जायचे तर काठमांडूतील भारतीय दूतावासाच्या ना-हरकत दाखल्याचा प्रश्न येतो. कोविडच्या काळात, २०२१ साली, सौदीला परतू पाहणारे हजारो भारतीय कामगार काठमांडूत मुक्काम करून पुढे जात होते. एप्रिलच्या अखेरीस नेपाळने ही वाट बंद केली आणि कित्येक जण हॉटेलचे भाडे भरत अडकून पडले. शेजाऱ्याच्या अंगणातून जाण्याची मुभा शेजाऱ्याची असते, ती तो केव्हाही काढून घेऊ शकतो.

हेच इतर देशांबाबत. इराणने फेब्रुवारी २०२४ पासून विमानाने येणाऱ्या भारतीयांना पंधरा दिवसांसाठी व्हिसामाफी दिली होती. नोकरीच्या किंवा पुढे दुसऱ्या देशात नेण्याच्या आमिषाने लोकांना तिथे बोलावून, डांबून ठेवून, खंडणी मागण्याचे प्रकार घडले आणि २२ नोव्हेंबर २०२५ पासून साध्या पासपोर्टवाल्यांची ही सवलत थांबवण्यात आली. युरोपातल्या सर्बियानेही भारतीयांना दिलेली माफी २०२३ च्या पहिल्या दिवसापासून काढून घेतली. भूतानला व्हिसा नाही, पण परवाना लागतो आणि सप्टेंबर २०२२ पासून भारतीय पर्यटकाला दर रात्रीसाठी बाराशे रुपये शुल्क आहे. म्हणून मागच्या वर्षी कोणी गेला होता हा पुरावा धरू नये. तिकीट काढण्याच्या आठवड्यात पुन्हा विचारावे, आणि एजंटला नव्हे, विमान कंपनीला व दूतावासाला विचारावे.

निघण्यापूर्वी एवढे पाहा

पासपोर्ट किंवा निवडणूक कार्ड मूळ स्वरूपात आहे काय? तिकिटावरचे नाव त्याच्याशी अक्षरशः जुळते काय? पंधरा ते अठरा वयाचे कोणी सोबत असल्यास शाळेचा दाखला घेतला काय? शंभरच्या नोटा घेतल्या काय? यूपीआय चालू केले काय? नमुन्यांचे बिल आहे काय? दुसऱ्याची एकही पिशवी आपल्या बॅगेत नाही ना? काठमांडूच्या लैनचौर भागातील भारतीय दूतावासाचा नंबर कागदावर लिहून घेतला काय? सप्टेंबर २०२५ मध्ये काठमांडूत आंदोलन पेटले आणि विमानतळ बंद पडला, तेव्हा अडकलेल्यांना हाच नंबर कामी आला. ओळखपत्र हरवले तरी पोलिसांत तक्रार देऊन तिथेच जायचे असते. परतीपुरता कागद दूतावास देतो.

मामूंची हकीकत इथे संपत नाही. परत आल्यावर पहिल्याच आठवड्यात भाच्याने नमुना ६ भरला, पासपोर्टसाठी अर्ज केला आणि मामूंच्या पॅनवर आयईसी काढला. कार्डावरच्या नावाची दुरुस्तीही झाली. त्याच व्यापाऱ्यांना कागदांच्या प्रती पाठवल्या. बकरी ईदसाठी त्यांनी एकशेवीस नगांची ऑर्डर दिली, तीनशेची नव्हे. माल रक्सौलवरून बिलासह गेला आणि पैसे बँकेत आले. त्या वेळी काठमांडूला भाचा एकटाच गेला. काउंटरवर पासपोर्ट दाखवून आत गेल्यावर त्याने मामूंना फोन केला. मामू तेव्हा आमच्या दुकानात अस्तर घ्यायला आले होते. फोन ठेवून ते आम्हाला म्हणाले, ‘भाईजान, पोराला कुणी अडवलं नाही. दोन पट्टे जास्तीचे द्या अस्तराचे.’